एका मळसूत्राचा शिकंजा

पुस्तकं दाबायच्या शिकंज्याचं दुसरं मळसूत्र माझा धाकटा भाऊ दार आपटू नये म्हणून खाली अडकवतो. रस्त्यावरून जाताना डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सुरुवात इथूनच. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात आधी डोकं ठिकाणावर आहे असं लिहा." आहे. कोणाच्या धाकानं लिहीत नाही. आमच्याकडे धाक माझाच. शाळा चौथीपर्यंत, धंदा हातानं पुस्तकं शिवून बांधायचा. शुक्रवारी पोटाचं ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई.

घर मुलाला. बँकेत आहे तेही त्यालाच. पुढच्या खोलीत मोबाइलचं दुकान टाकायचं त्याच्या मनात आहे. टाक, पण कामाचं टेबल रिकामं झाल्यावर.

भांडी सुनेला. मोठ्या कढईवर तिचा डोळा आहे, पण ती कढई सोडून. तीत मी पुस्तकं चिकटवायची खळ शिजवते, किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घालून. त्यात भाजी केलीस तर माझ्यामागोमाग येशील.

आता शिकंजा. पुस्तकं दाबून वाळवायचं हे लाकडी यंत्र, दोन्ही टोकांना लोखंडी मळसूत्रं. वाटणीत वडिलांनी सांगाडा मला दिला आणि मळसूत्रं एकेकाला एकेक. म्हणाले, "कामासाठी तरी एकमेकांच्या दारात याल." कोणी गेलं नाही. भावानं तारा ठोकायचं मशीन घेतलं. मी एका बाजूला मळसूत्र पिळते, दुसऱ्या बाजूला दोरी आवळून वर पाटा ठेवते. पुस्तक एका कडेला फुगतं. गिऱ्हाइकाला सांगते, वाचून झालं की बसेल.

गेल्या महिन्यात भावाची मुलगी आली.

"आत्या, घडी दाबायची हाडाची पट्टी कुठं मिळते गं?"

"मिळत नाही. मटणवाल्याकडून नळी आणायची, उकळायची, दगडावर घासायची."

"शी!"

"शी म्हणणाऱ्यांनी तारा ठोकून पुस्तकं बांधावीत. तुझ्या बापासारखी."

पुढच्या आठवड्यात पट्टी घेऊन हजर. वाकडी होती, पण स्वतः घासलेली.

तर माझ्या भोकं पाडायच्या आऱ्या, सुया, सुरी, कढई, सगळं या भाचीला. दोरा समोरच्या चपलावाल्याकडून घे, आणि मेण लावल्याशिवाय ओवू नकोस. कापड पडदेवाल्या शिंप्याच्या कातरणातून. सकाळी जा, संध्याकाळी तो ते पायपुसण्यांना देतो. कागद घेताना दोन्हीकडून वाकवून बघ. ज्या बाजूनं मुकाट वाकतो ती घडी शिवणीला धर, नाहीतर पुस्तक उघडंच राहत नाही. कागदवाला "सगळा सारखाच" म्हणेल. म्हणू दे.

शिकंजाही तिलाच, पण दोन्ही मळसूत्रांसकट. अर्धा देऊन तिला जन्मभर फुगलेली पुस्तकं करायला लावणार नाही. दुसरं मळसूत्र आलं नाही, तर सांगाडा सुताराला द्यावा आणि पोरीनं दुसरं काम बघावं.

साक्षीदार: समोरचे चपलावाले (सही), गिरणीवाल्या मावशी (अंगठा, चष्मा घरी राहिला).
सही: माझीच.
ठिकाण: पुढची खोली.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार.

याची एक प्रत भावाला आजच पोचवायची. भाऊ, मी मेल्यावर वाचायला हे लिहिलेलं नाही. गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं. फोन करू नकोस. दारातलं ते मळसूत्र काढ, गंज घास आणि स्वतः घेऊन ये. पिळायला दोन माणसं लागतात.