मधल्याचा आवाज

१९ जून, शुक्रवार

चि. धाकट्या,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे नळाला पाणी येतं, माझे गुडघे कुरकुरतात आणि आईला सोयीपुरतंच ऐकू येतं. तुझं पत्र मिळालं. आईसाठी खोली रंगवून घेतलीस, खिडकीला पडदे लावलेस, एवढा मजकूर तिने मला पुन्हा पुन्हा वाचायला लावला. तिचं सामान बांधून तयार आहे. रविवारी ती तुझ्याकडे येईल, ती कायमचीच. इतकी वर्षं तिचं औषधपाणी, उठबस मी केली, आणि काल मला म्हणते, "तुला आता जरा मोकळीक मिळेल." जसं काही मी सुट्टीचीच वाट बघत बसले होते.

असो. तुझ्या मुलांना सांगायला तुला आपल्या सहली हव्यात, पूर हवा, 'घरातले अविस्मरणीय दिवस' हवेत. तू तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा, तुला कुठलं आठवायला. लिहिते.

बाबा सहलीची बस चालवायचे. काम नसेल त्या दिवशी मालक बस न्यायला द्यायचा आणि आपण पाचच माणसं सगळ्या बसभर पसरायचो. धरणावर गेलो, समुद्रावर गेलो, एकदा तर निव्वळ बोगदा बघायला गेलो. निघताना बाबा कधी मागे वळून बघायचे नाहीत. हात स्टेअरिंगवर, नजर रस्त्यावर, आणि हाक. "थोरली?" "आहे." "मधला?" "आहे." "धाकटा?" "आहे." मग गिअर. मान वळवतो तो कसला ड्रायव्हर, असं त्यांचं म्हणणं.

तू मधल्याचा आवाज हुबेहूब काढायचास. तो पाणी प्यायला खाली उतरला, की त्याचं "आहे" तूच ठोकून द्यायचास. बस सुटायची, तो बोंबलत मागून धावायचा, आणि बाबा ब्रेक मारून पोट धरून हसायचे. "नकल्या आहे बेटा," म्हणायचे. आईला ते मुळीच आवडायचं नाही. पण तुझे लाड करण्यात घरात कोणी कधी हात आखडला नाही.

हे सांग मुलांना. हसतील.

आता पूर. तुझ्या पत्रात एक वाक्य होतं. 'बाबांच्या हातून मधला सुटला, हे मी मुलांना सांगणार आहे. मी बाबांना अजून माफ केलेलं नाही.' आईला वाचून दाखवताना ते मी गाळलं. नंतर भांडी घासायला बसले, तर हातातून कपबशी निसटली, इतका संताप झाला होता.

त्या दुपारी नदी गल्लीत शिरली. बाबा बस घेऊन थेट दारापर्यंत आले. पाणी अर्ध्या चाकांपर्यंत आलं होतं आणि चढत होतं, इंजिन बंद पडलं तर सगळेच बुडणार होतो, म्हणून ते जागेवरून उठलेच नाहीत. मी तापाने फणफणलेली, पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर. तुम्ही दोघं मागच्या दाराने चढलात. मग नेहमीसारखी हाक आली. "थोरली?" माझ्या वतीने आई "आहे" म्हणाली. "मधला?" "आहे." "धाकटा?" "आहे." बाबांनी गिअर टाकला.

चढावर, शाळेपाशी बस थांबली, तेव्हा तू टाळ्या वाजवत पुढे आलास. "फसवलं! मधल्याचं मीच म्हटलं!"

तो परत घरात गेला होता. तुझा एक बूट राहिला म्हणून तू रडत होतास, तो आणायला.

बाबा त्याच पावली उतारावरून पाण्यात घुसले. लोकांनी त्यांना कमरेला दोर बांधून ओढून काढलं. पाणी ओसरल्यावर मधला जिन्याखाली सापडला. आणि जो कोणी भेटायला आला त्याला बाबांनी एकच सांगितलं, बसपर्यंत आणताना माझ्याच हातून सुटला. पोलिसांना तेच, मालकाला तेच. ज्याला स्वतःचं पोर सांभाळता आलं नाही त्याच्या हाती माणसं कशी देऊ, म्हणून मालकाने बस काढून घेतली, आणि बाबा उरलेला जन्म दुसरे चालवतात त्या बस धूत राहिले. तू मोठा होशील तेव्हा तुझ्या कानावर दुसरं काही पडू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

पाच वर्षांच्या पोराचा काय दोष, असं आई म्हणायची. मीही म्हणते, काही दोष नव्हता. पण तिशीचा बाप्या होऊन, भरल्या ताटावर तू त्यांना म्हणालास, "ज्याला पोराचा हात धरता आला नाही, त्याने मला शहाणपण शिकवू नये." तुला माहीत नव्हतं, कबूल. त्यांना माहीत होतं. ते मान खाली घालून जेवत राहिले. माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं, गप्प राहा म्हणून. शेवटच्या आजारात ते दाराकडे डोळे लावून होते, आणि तू आला नाहीस.

आईने मला शपथ घातली होती की तुला हे कधी कळू द्यायचं नाही. ती मी आज मोडली. वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत. खरं सांगायचं तर छान वाटतंय. सगळं प्रेम तुलाच, आणि आता आईसुद्धा तुलाच, मग एवढं तरी तुझ्या वाट्याला यायलाच हवं होतं.

हे पत्र कुरिअरने उद्याच तुझ्या हाती पडेल. रविवारी आई उतरेल. तुला कळलंय याचा तिला वाससुद्धा येता कामा नये. कळलं तर ती त्या खोलीत राहणार नाही, आणि माझ्याकडेही परत यायची नाही. म्हणून तू हसत राहा. मुलांनी पुराची गोष्ट विचारली आणि आई समोर बसलेली असली, तर बाबांच्या हातून सुटला असंच सांग. तिच्या डोळ्यात बघून सांग.

उत्तराची मी वाट बघत नाही.

तुझी,
ताई