पॉवरमध्ये जाण्याचं वर्ष

८ सप्टेंबर २०२४, रविवार. सहम, ओमान.
आजपासून रोज लिहायचं. मोठे निर्णय लिहून ठेवलेले बरे. निर्णय असा: या सीझनच्या शेवटी आमचं कॉलेज पॉवरमध्ये, म्हणजे मोठ्यांच्या पंगतीत, असेल.
मस्कतची चार मोठी कॉलेजं आमची दहा कॉलेजांची जुनी फुटबॉल लीग सोडून गेली. त्यांनी स्वतःची प्रीमियर लीग काढली आहे. मॅचेस यूट्यूबवर लाइव्ह, टी-शर्टवर स्पॉन्सर. त्यांना अजून दोन कॉलेजं हवीत, असं कळलं. एक जागा आमची. गेल्या वर्षी आम्ही सातवे आलो, पण वरचे चार गेल्यामुळे आता तिसरे धरायला हरकत नाही. तिसरं कॉलेज म्हणजे मोठंच.
सध्या कोणालाही सांगायचं नाही. रोज पाचला उठायचं.

९ सप्टेंबर
फक्त बायकोला, लिंडाला सांगितलं. ती चपात्या लाटत होती. म्हणाली, "फेबियन, त्यांनी तुला बोलावलंय का?" म्हटलं, अशा गोष्टीत बोलावणं येत नसतं, मूव्ह करावी लागते. ती म्हणाली, मग ठीक आहे, आधी गॅस बदल.
सहा चाळीसला उठलो. एसीमुळे.

१५ सप्टेंबर
नूरुद्दीनचा फोन. इब्राच्या कॉलेजात तो स्पोर्ट्स कोऑर्डिनेटर, जसा मी इथे, आणि लीगचा सेक्रेटरीही तोच. दापोलीचा. चांगला माणूस, पण व्हिजन नाही. म्हणाला, "फेबियनभाई, राहिलेल्या सहा कॉलेजांनी आता एकत्र राहायला हवं. लीग सोडणाऱ्यांसाठी काहीतरी नियम कर. तुझं ड्राफ्टिंग चांगलं आहे."
ते खरं आहे. संध्याकाळी बसून कलम नऊ लिहिलं. जो लीग सोडेल, त्याला पुढचे दोन सीझन कोणत्याही कारणाने परत घेता येणार नाही. 'कोणत्याही कारणाने' खाली रेघ. यामागे डाव आहे. बाकीचे पाच घाबरून जागेवर बसतील आणि प्रीमियरच्या दाराशी मी एकटा. नूरुद्दीनला संशयही आला नाही. उलट त्याने आभार मानले.

२६ सप्टेंबर
डीन डॉ. सालिम यांच्यापुढे प्रेझेंटेशन. बेचाळीस स्लाइड. एकोणिसाव्या स्लाइडला त्यांनी विचारलं, आपल्याकडे प्रेक्षक गॅलरी आहे का? म्हटलं, सावलीची जाळी आहे, शिवाय गवत उत्तम आहे. शेवटी ते म्हणाले, "इन्शाल्ला." म्हणजे मंजुरी.
लिंडाचं मत वेगळं. ती इथल्या शाळेच्या ऑफिसात अकरा वर्षं आहे. तिच्या मते इन्शाल्लाचे पंधरा अर्थ होतात आणि मला नेहमी पहिलाच ऐकू येतो.

१४ ऑक्टोबर
मस्कतला, कुरुममधल्या प्रीमियरच्या ऑफिसात जाऊन आलो. दोन तास ड्रायव्हिंग, नवा कोट मागे हँगरवर. प्रीमियरचं काम बघणारी मैथिली म्हणून पुण्याची मुलगी आहे. मराठीतच बोललो, त्यामुळे अर्धं काम तिथेच झालं. तिने विचारलं, तुमच्या मॅचेस ऑनलाइन किती लोक बघतात? एकतीस, असं सांगितलं. त्यांतले अकरा मीच होतो, कारण आवाज येतोय का ते तपासत होतो. हे सांगायची गरज वाटली नाही.
निघताना ती म्हणाली, "सर, तुमचा इंटरेस्ट आम्ही नोट केला आहे." नोट केला आहे. म्हणजे लेखी.

२० ऑक्टोबर
जुन्या लीगला राजीनाम्याचं पत्र पाठवलं. डीनसाहेबांची सही घेतली. दुपारी फाइल्सच्या ढिगात ते सह्या करतात, तेव्हा घेतली. पत्रात 'काळाच्या हाकेला' असा शब्दप्रयोग साधला आहे.
दहा मिनिटांत नूरुद्दीनचा फोन. "फेबियनभाई, जरा थांब रे. त्यांचं पत्र आलंय का तुझ्या हातात?"
म्हटलं, येईल.
तो म्हणाला, "संध्याकाळपर्यंत मी हे इतरांना पाठवत नाही. तोवर विचार कर. कलम नऊ तूच लिहिलंयस. मला ते वाकवता येणार नाही."
वाकवायची गरज पडणार नाही, असं मीच त्याला समजावलं.

५ नोव्हेंबर
मैथिलीचा मेल नाही. बहुधा मोठी घोषणा एकदम करणार.
मुलं रोज प्रॅक्टिसला येतात. आमचा कॅप्टन हमद दुसऱ्या वर्षाला आहे. वडील मासेमार, पोरगा वाऱ्यासारखा पळतो. आज त्याने विचारलं, सर, पुढची मॅच कोणाबरोबर? म्हटलं, सध्या आपली लढत आपल्याच स्टँडर्डशी आहे. त्याने मागच्या पोरांना ते अरबीत सांगितलं. कोणी हसलं नाही. गंभीरपणे घेतलं असावं.

१८ नोव्हेंबर. इथला राष्ट्रीय दिन.
प्रीमियरची यादी इन्स्टाग्रामवर आली. नवीन दोन: एक निझव्याचं कॉलेज, एक सलालाचं. सलाला मस्कतपासून हजार किलोमीटर. आम्ही दोनशे.
मला वेगळा मेल आहे. 'आपण आमच्या क्रीडा-परिवाराचे मोलाचे मित्र आहात.' दोनदा वाचला, त्यात कुठेही नाही म्हटलेलं नाही. लिंडाने चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "यालाच नाही म्हणतात."
दुपारभर झोपलो.

२८ नोव्हेंबर
जुन्या लीगची ऑनलाइन मीटिंग. माझ्या परतीचा विषय. नूरुद्दीन माझ्या बाजूने वीस मिनिटं बोलला. म्हणाला, पोरांचा काय दोष? मग एकाने कलम नऊ मोठ्याने वाचून दाखवलं. पाच कॉलेजांनी मिळून पळवाट शोधली, सापडली नाही. एक जण तर म्हणाला, असं पक्कं लिहिलेलं कलम आपण बघितलेलं नाही. एक क्षण बरं वाटलं.
चार विरुद्ध एक. दोन सीझन बाहेर.

३ डिसेंबर
वेगळा विचार: स्वतःची लीग. सहम हे केंद्र. नाव 'पॉवर बातिना', आमच्या या किनारपट्टीवरून. नऊ कॉलेजांना मेल. एकाचंच उत्तर आलं, एका नर्सिंग इन्स्टिट्यूटचं. त्यांच्याकडे मुलगे एकूण आठ, आणि त्यातले तीन नाइट ड्युटीवर.

१६ डिसेंबर
दुबईतल्या एका कॉलेजची जाहिरात पाहिली. अर्ज भरत आणला होता. लिंडाने फाइलमधून माझा करार काढून पुढ्यात ठेवला. ऑगस्ट २०२६पर्यंत. एक वर्षाचा देत होते, दोन वर्षांचा मीच मागून घेतला होता. स्थैर्यासाठी.
डीनसाहेबांना विचारलं, मधेच सोडता येईल का? ते म्हणाले, "फेबियन, तुम्ही गेलात तर आमची टीम कोण बघणार?" आपण लीगबाहेर आहोत, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही. मीही नाही सांगितलं.

१२ जानेवारी २०२५
प्रॅक्टिसला सहा जण. तीन-तीन खेळवले.
नंतर हमद ऑफिसात आला. टोपी हातात, कागद फाइलमध्ये. इब्राच्या कॉलेजात ट्रान्सफर. काकाकडे राहणार. "सर, मला खेळायचंय."
मी त्याला २०२७पर्यंतचा प्लॅन समजावला. स्लाइडही उघडल्या. तो उभा राहून सगळं ऐकत होता, बस म्हटलं तरी बसला नाही. माझं संपल्यावर त्याने कागद पुन्हा पुढे केला. म्हणाला, "सर, २०२७ला माझं कॉलेज संपलेलं असेल."
सही केली. खाली त्यालाही सही करायची होती. पेन नव्हतं, माझं दिलं.
लिंडाला सांगितलं नाही. तिला कळलंच. जेवताना तिने माझ्या ताटात सुरमईचा मोठा तुकडा वाढला.

६ फेब्रुवारी
डीनसाहेबांचा निरोप. जुन्या लीगची फायनल आपल्या ग्राउंडवर घ्यायचं ठरलं आहे. अख्ख्या लीगमध्ये इतकं चांगलं गवत कुठेही नाही. त्यावर वर्षभर एकही मॅच झालेली नाही.
म्हणजे यजमानपद आमचं. मोठ्या कॉलेजांनाच मिळतं हे.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी पाचला उठलो. चुन्याने रेघा मारल्या, जाळ्या बांधल्या, पाण्याचे क्रेट उचलले. इब्रा विरुद्ध सोहारचं कॉलेज. माझी उरलेली पाच मुलं जाळीच्या सावलीत बसून बघत होती.
एक लाइन्समन आलाच नाही. नूरुद्दीनने झेंडा आणून हातात दिला. "तुझ्यावर भरवसा आहे, म्हणून." मी घेतला.
एकाहत्तराव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग मागून लांब पास आला आणि हमद माझ्याच बाजूने सुटला. समोर एकटा गोलकीपर. सोहारचा अख्खा बेंच उभा राहून ऑफसाइड, ऑफसाइड ओरडू लागला. गोल झाला. रेफ्री थांबला, माझ्याकडे बघत. हमदही बघत होता.
झेंडा वर केला असता तर कोणी काही म्हणालं नसतं.
ऑफसाइड नव्हता. पास सुटला तेव्हा तो शेवटच्या डिफेंडरच्या अर्धं पाऊल अलीकडे होता. मी बघितलं होतं. झेंडा खालीच ठेवला.
एक-शून्य. कप घ्यायच्या आधी हमद धावत माझ्याकडे आला, दोन्ही हातांनी हात धरला. म्हणाला, "शुक्रन, सर." मी म्हटलं, डाव्या पायावर अजून काम कर.
सगळे गेल्यावर जाळ्या सोडल्या. घरी लिंडाने विचारलं, कोण जिंकलं? म्हटलं, हमद.
उद्या शुक्रवार, परवा शनिवार, दोन्ही दिवस सुट्टी. रविवारी प्रॅक्टिस ठेवावी का, ते ठरवायचं आहे. कोणाची, तेही.