माधवच्या कार्डावरच्या अक्षता

झरी, मार्गशीर्ष वद्य तृतीया, संध्याकाळ

धाकट्या भावाच्या, माधवच्या वाढदिवसाचं कार्ड झालं. गेल्या वर्षी वर अक्षता चिकटवल्या होत्या. टपालाच्या शिक्क्याखाली चेंगरल्या आणि हैदराबादेत त्याच्या हाती नुसती भुकटी पडली. म्हणून यंदा फक्त वाळवलेलं पिंपळपान, अगदी सपाट.

आईला पटलं नाही. "अक्षतांबिगर लेकराला ओवाळायचं कसं गं?"

मी म्हटलं, टपालात दाणे टिकत न्हाईत. तिनं पाट मांडला. कार्ड पाटावर ठेवलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजनानं ओवाळलं. कागदाला कुणी ओवाळतं का? मी नुसती बघत बसले.

पाकिटात घालताना दाणे झटकले. एक ओल्या कुंकवाला चिकटून बसलाय. चेंगरणार, माहीत आहे.

पाकीट तसंच बंद केलं.