वेदिका विग न घालता आली

पेठ, २ एप्रिल २०२५

चि. वेदिकास अ. उ. आ.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. तेजलच्या साखरपुड्यासाठी मी मुद्दाम नाशिकहून विग आणून ठेवला होता. पाहुणे जाईपर्यंत घाल, एवढंच सांगितलं होतं. तू आलीस ती तुळतुळीत डोक्याने, कानात हे मोठे झुमके, ओठ लालभडक. लोक नवरी सोडून तुलाच बघत होते. मुलाच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, हा आजार तुमच्या घराण्यातच आहे का. मी काय सांगायचं? आजारी माणसाने आजाऱ्यासारखं राहावं. माझ्या पोरीचं लग्न मोडलं तर तुझं तोंड बघणार नाही.

वेळेवर जेवत जा.

तुझा काका,
रंगनाथ

इंदिरानगर, नाशिक, ७ एप्रिल

ती. काकांना सा. न. वि. वि.

मी आजारी नाही. केमो फेब्रुवारीतच संपली. तुम्ही दवाखान्यात एकदाही आला नाहीत, म्हणून ठाऊक नसेल. पेठ गावात तर तुम्ही सांगून टाकलंत, वेदिका पुण्याला नोकरीला गेली.

केस गेले, मग भुवयाही गेल्या. एकदा नवी नर्स मला दादा म्हणाली. त्या दिवशी मी आईकडून लिपस्टिक मागवली. आपल्या घरात असली थेरं नकोत, असं तुम्ही म्हणायचात, म्हणून आधी कधी लावली नव्हती. लावली, आणि कितीतरी दिवसांनी आरशात माणूस दिसलं. वेणी घालून मान खाली घालणारी तुमची वेदिका नव्हे, दुसरीच. मला ही आवडते. हिला मी विगखाली कोंबणार नाही.

आणि झुमके तेजलचे होते. तिनेच माझ्या कानात घातले. विग घालून येणार असलीस तर येऊच नको, असं तिनेच बजावलं होतं.

लोभ असावा, असं लिहायची रीत आहे. आज हात वळत नाही.

वेदिका

पेठ, २० एप्रिल

प्रिय वेदूताई, स. न.

लग्न मोडलं. बाबांनीच मोडलं.

परवा रविराजच्या आईचा बाबांना फोन आला. लग्न ठरल्याप्रमाणे करू, पण त्या टकलीला हळदीपासून लांब ठेवा, शकुनाला बरं दिसत नाही, असं म्हणाल्या. मी फोन घेऊन रविराजला विचारलं, तर तो म्हणाला, आई म्हणते तसं करू. बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "ती आमची पोर आहे." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी स्वतः दिंडोरीला जाऊन साडी आणि अंगठी परत देऊन आले.

मला रविराज आवडला होता, ताई. राग येतो, मग रडू येतं, मग पुन्हा राग. बाबा कोणाशी धड बोलत नाहीत. तुझ्यावर तर फारच चिडलेत. थोरांना असं पत्र लिहितात का, म्हणतात.

तरी मी विचारलं, ताईला बोलावू का. म्हणाले, ये म्हणावं, पण दुपारच्या जीपने नको, डोक्याला ऊन लागेल.

लवकर ये.

तुझीच,
तेजल