मालागोलींच्या गाडीचा रंग

कास्तेलबोस्को (मोदेना),
२० मार्च १९७५

ती. लेआर्कोदादास,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल आहोत असं रीतीप्रमाणे लिहिते, पण खरं तर खुशाल कुणीच नाही. काल सान जुझेप्पेचा सण. नेहमीसारखी मालागोलींची नवी शर्यतीची गाडी कारखान्यातून ढकलत चर्चच्या चौकात आणली. म्हातारे मालक गेल्यानंतरची ही पहिली गाडी, आणि आपल्या इव्होनच्या हुकमाखाली तयार झालेलीही पहिलीच. एकोणिसाव्या वर्षी तुमच्या बेल्जियमहून माझ्याकडे राहायला आलेली, कारखान्यात गाड्यांचे नकाशे काढणारी तुझी पोर आज साऱ्या टीमची प्रमुख आहे, हे मला अजूनही सकाळी उठल्यावर स्वतःला सांगावं लागतं.

पण दादा, गाडीवरचं कापड ओढलं, आणि बघतो तर काय. लाल रंग गेला. तुम्ही खाणीत गेलात त्या वर्षापासूनचा लाल. जो आलाय त्याचं नाव मी या कागदावर लिहिणार नाही. दोन म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढला. बारवाला वेर्थेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला की, मालकांच्या कबरीवरची माती सुकली नाही आणि बाईनं घरातले पडदेसुद्धा बदलले.

रीत तुला ठाऊक आहे. आपल्या पाद्रीबाबांनी, डॉन एव्हारिस्तोंनी, पवित्र पाणी शिंपडलं की गावानं एकेक करून गाडीच्या नाकाला हात लावायचा, म्हणजे ती गावाची होते. काल रांगच लागली नाही. सगळ्यांचे हात खिशात. इव्होन पंधरा मिनिटं गाडीशेजारी ताठ उभी होती. मग तिनं बाह्या सावरल्या आणि स्वतःच गाडी मागे ढकलायला लागली.

मे महिन्यात गाडी तुमच्या दाराशी, झोल्डरच्या शर्यतीत धावणार. मालागोलींच्या चाहत्यांचं तुमचं खाणवाल्यांचं मंडळ झेंडा घेऊन जाणार का, ते कळव. इथल्या मंडळाची चिटणीस म्हणून विचारते आहे, आत्या म्हणून नाही. वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझी
दिर्चे

*

गेंक,
६ एप्रिल १९७५

चि. दिर्चेस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच इथल्या पेपरात फोटो आला होता. तुझी आफ्रावहिनी तो घेऊन सगळ्या वस्तीत फिरली. गाडीकडे तिचं लक्षच नव्हतं, शेजारी उभ्या इव्होनचे केस कुणी कापले याचीच तिला चिंता.

मी मात्र नाराज आहे, आणि लपवणार नाही. मालकांनी टीम आपल्या हाती दिल्याचं इव्होननं जानेवारीत कळवलं, तेव्हा मी तिला एकच गोष्ट लिहिली होती, की बाकी काय वाटेल ते कर, लाल रंगाला हात लावू नकोस. आम्ही आठशे मीटर खाली कोळशात काळेठिक्कर होऊन वर यायचो ना, तेव्हा रविवारी शर्यतीच्या मैदानावर त्या लाल ठिपक्याकडे बोट दाखवून इथल्या लोकांना सांगायचो की ते बघा, ते आमच्या गावचं. तिनं बापाचं ऐकलं नाही. तेव्हापासून माझी तिला एक ओळ गेलेली नाही, आणि जाणारही नाही.

आफ्रा म्हणते की मी म्हातारा गाढव आहे. असेन. खाणीनं माझी छाती खाल्ली, ताठा तेवढा शाबूत ठेवला. झोल्डरला मी जाणार नाही. लाल झेंडा कपाटात घडी करून ठेवलाय.

तुझ्या दुकानातल्या सारण भरलेल्या इवल्या तोर्तेल्लीनींची आठवण येते. इथं आफ्रा करते, पण तिला हे कळू देऊ नकोस. तब्येतीला जप, आणि रागावलीस तरी पत्र धाड.

तुझा
लेआर्को

*

कास्तेलबोस्को,
२७ एप्रिल १९७५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज दुकान बंद ठेवून लिहायला बसले आहे, म्हणजे समज.

आधी माझा गुन्हा. मागच्या पत्रात मी लिहिलं की सगळ्यांचे हात खिशात होते. त्या सगळ्यांत मीही होते. पंधरा वर्षं जिला माझ्या हातचं जेवू घातलं, ती दहा पावलांवर एकटी उभी होती, आणि लोक काय म्हणतील म्हणून मी कोटाच्या खिशातून हात काढला नाही. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. संध्याकाळी घरी आली, नेहमीसारखं सूप मागितलं, एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता दुसरी गोष्ट. काल नेव्हिओ दुकानात आला. वेर्थेरचा धाकटा भाऊ, कारखान्यात वीस वर्षं मिस्त्री आहे. टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि रडायला लागला. फेब्रुवारीत गाडी पळवून पाहत होते. धुकं आपल्याकडचं, तुला सांगायला नको. हा शहाणा परवानगी न घेता रस्त्यावर पडलेला पाना उचलायला गेला आणि लाल गाडी थेट त्याच्या अंगावर. नाक दिसेपर्यंत दिसलीच नाही म्हणे. कोटाची बाही फाटली, एवढ्यावर निभावलं. त्याच दिवशी इव्होननं ठरवलं की आपल्या माणसांना न दिसणारी गाडी चालणार नाही. हा नवा रंग धुक्यात शंभर पावलांवरून दिसतो, त्यानं स्वतः उभं राहून पाहिलंय.

आणि हे तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर नेव्हिओची चूक गावभर झाली असती, नोकरीवरही गदा आली असती. वेर्थेर रोज बारमध्ये तिची टिंगल करतो, ती समोरून कॉफी पिऊन जाते. त्याचा भाऊ तिच्यामुळे तोंड वर करून फिरतोय, हे तिनं त्याला ऐकवलं नाही. दादा, मला तिचा इतका अभिमान वाटतो की लाज त्याच्याखाली दबून जायला हवी होती. जात नाही.

तू आता काय करायचं ते कर. मी तिची माफी मागितली आहे. माझ्यावर राग धरलास तरी तिच्यावर धरू नकोस.

तुझी
दिर्चे

*

गेंक,
२८ मे १९७५

चि. इव्होनला,
बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

जानेवारीपासून तुला पत्र नाही. चूक माझी. हे लिहायला मला चार कागद लागले, हा पाचवा.

दिर्चेआत्यानं नेव्हिओचं सगळं कळवलं. पत्र मी आधी मनात वाचलं आणि मग मंडळात मोठ्यानं, नेव्हिओचं नाव गाळून. आमच्यातले निम्मे खाणीच्या अंधारात मित्र गमावून बसलेले. मग आफ्रा उठली आणि म्हणाली की कापड किती मीटर लागेल तेवढं सांगा.

आता झेंड्याची हकिकत ऐक, म्हणजे त्या दिवशी झोल्डरला काय पाहिलंस ते कळेल. पेपरातला फोटो काळा-पांढरा. फोटोखाली तुझं नाव आणि गाडीचं नाव, बस. आत्याबाईंनी रागाच्या भरात रंग लिहिला नाही, दुसऱ्या पत्रात लिहायचा राहिला, आणि तुला विचारायला माझी जीभ उचलेना. फोटोत गाडी फिकट दिसत होती. बायकांची दोन संध्याकाळी चर्चा झाली. शेवटी तुझी आई म्हणाली की माझी मुलगी लाल सोडून दुसरं काय घेणार, इटलीच्या फुटबॉलवाल्यांचा निळाच घेणार. एकानं विचारलं की धुक्यात निळा कसा दिसेल. त्याला तिनं तिथंच गप्प केलं.

तर नऊ मीटर निळा झेंडा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत मालागोली. आम्ही तेवीस जण वळणावरच्या टेकाडावर सकाळपासून तो धरून उभे. गाडी आली. पिवळीधमक. आम्ही आमच्या झेंड्याकडे बघितलं, आणि शेजारचे डच आणि जर्मन लोक पोट धरून हसायला लागले. एका जर्मनानं विचारलं की तुम्ही कुठल्या टीमचे. माझे दोन साथीदार झेंडा गुंडाळायला निघाले. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, वर धरा. ती गाडी चालवणारी टीम माझ्या मुलीची आहे, रंग चुकला असेल आमचा, पोरगी चुकलेली नाही. हे मी इटालियनमध्ये, मोडक्या फ्लेमिशमध्ये आणि हातवारे करून तीनदा सांगितलं. छातीत हवा पुरली नाही, पण सांगितलं. शेवटी तोच जर्मन आमच्या झेंड्याचं एक टोक धरून उभा राहिला.

गाडी पाचवी आली. मालकांच्या शेवटच्या दोन वर्षांत एवढ्या पुढे कधी आली नव्हती. परतताना बसमध्ये मी कुणाला बोलू दिलं नाही, सगळा वेळ मीच बोललो. तुझ्यावरची माया दाखवायला मला उशीर होतो, ती कमी आहे असं समजू नकोस.

तुझा
बाबा

ता. क. केस आईला आवडले नाहीत. मला आवडले.

*

कास्तेलबोस्को,
१५ जून १९७५

ती. बाबांस,
इव्होनचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आत्याकडून मला दोनदा हिसकावून घ्यावं लागलं. ती ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवते आहे.

पुढच्या शर्यतीसाठी गाडीवर नाकापासून शेपटीपर्यंत निळा पट्टा आला आहे. रंगाऱ्याला मी आईकडून मागवलेला झेंड्याचा तुकडा दिला, तोच निळा. काल गाडी चौकात उभी केली तर वेर्थेरच आधी पुढे झाला. म्हणाला की पिवळा आणि निळा म्हणजे आपल्या मोदेनाचा झेंडा, आणि हे तो पहिल्या दिवसापासून सुचवत होता. बारमधल्या आणखी सहा जणांनीही तेच सांगितलं. नेव्हिओनं मात्र भावाला बाजूला घेऊन फेब्रुवारीतली सगळी गोष्ट स्वतःहून सांगितली. वेर्थेरनं सगळ्यांना कॉफी पाजली, आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्याच्यासारख्या बोलक्या माणसाला ते फार जड गेलं असावं.

मी त्या निळ्याचं श्रेय मोदेनाला देऊ दिलं नाही. सगळ्यांना सांगितलं की हा निळा गेंकच्या तेवीस जणांचा आहे. त्यांना ते खरं वाटलं नाही. वाटायलाच हवं असं नाही.

बाबा, झोल्डरला मी सकाळपासून दुर्बिणीनं लाल झेंडा शोधत होते. एकही दिसला नाही, तेव्हा समजले की तुम्ही आला नाहीत. मग वळणावर तो निळा दिसला. आमची माणसं विचारायला लागली की हे वेडे कोण, आपलं नाव लावून भलताच रंग फडकवताहेत. मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही, कारण मी रडत होते. त्या मैदानावर मोठमोठ्या टीमचे झेंडे होते, हजारो माणसं होती. पण गाडीचा रंगही माहीत नसताना आलेली माणसं फक्त माझ्याकडे होती.

आईला सांगा, केस वाढवते आहे.

तुमची
इव्होन