रस्त्याकडच्या भिंतीत राखलेली जागा

मुली, तुझी पाठ आता कशी आहे? वाकून नकाशे काढू नकोस म्हटलं की हसतेस, पण माझी पाठ त्यानंच गेली. चिरंजीव, खोकला थांबला का? सूनबाई, जिने चढताना गुडघा अजून बोलतो का? आणि धाकट्या, माझ्या पाठच्या भावा, समोरच्या घरात राहूनही बावीस वर्षं तुला विचारलं नाही, ते आज विचारतो. कसा आहेस? घरची मंडळी बरी आहेत ना?

माझं म्हणाल तर छाती अधूनमधून कुरकुरते, डोकं मात्र जागेवर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसं लेखी दिलंय, तो कागद सोबत जोडला आहे. म्हणून मी, खाली सही करणारा मिस्त्री, वय वर्षं एकोणऐंशी, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि कोणावर रुसूनही नव्हे, माझ्या पश्चात काय कोणाचं व्हावं ते स्वहस्ते लिहून ठेवतो. याआधी असा कागद मी केलेला नाही.

१. बँकेतली शिल्लक मुलगा व मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

२. पाणसळ, थाप्या आणि हातोडा मुलीस. ती कॉलेजात शिकली खरी, पण पहिली सरळ रेघ तिने याच पाणसळीच्या कडेनं ओढली. ओळंबा माझ्या सळईवाल्या मित्राला द्यायचा होता. वकील म्हणाले, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये. तेव्हा तो आजच त्याच्या हातात दिला. या कागदाशी त्याचा संबंध नाही.

३. राहतं घर दोघांच्या नावे सारखं. पण या घराबद्दल थोडं सांगावं लागेल.

आम्ही नऊ माणसं एका खोलीत वाढलो, मधे चादरीचा पडदा. आईला रडायचं असलं की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची. तेव्हाच मनात घेतलं होतं, आपल्या घरात माणसाला नळ न सोडता रडता आलं पाहिजे. मी शाळा फारशी पाहिली नाही, दुसऱ्यांच्या काँक्रीटच्या भिंती ओतता ओतता नकाशा वाचायला शिकलो. हे घर सिमेंटच्या रिकाम्या पिशवीच्या आतल्या बाजूला काढलं. मधे उघडा चौक, त्यात लिंबाचं झाड, सगळ्या खोल्यांची तोंडं चौकाकडे. निजायच्या खोलीची खिडकी इतकी उंच की पडल्या पडल्या आभाळ दिसावं आणि आपण कोणाला दिसू नये. पुढचं दार उघडलं तरी समोर स्वयंपाकघर येत नाही, आडवी भिंत येते. रस्त्याकडच्या भिंतीला मात्र एक खिडकी ठेवली होती. तिच्यातून धाकट्याचा व्हरांडा दिसला असता.

त्या भिंतीचं काँक्रीट ओतायला फळ्या ठोकत होतो तेव्हा धाकटा आला आणि सगळ्या कामगारांसमोर म्हणाला, “दादा, घर बांधतोस की पाण्याची टाकी?” सगळे हसले. मीही हसायला हवं होतं. मी पेन्सिल काढली आणि ती खिडकी खोडली.

तुमची आई म्हणाली, “अहो, मला माणसं दिसू देत.” मी म्हणालो, दार उघड आणि बघ. आयुष्यात पुष्कळ वाकडं बोललो असेन, पण परत घ्यावंसं वाटतं ते एवढंच वाक्य. समोरच्या जावेशी तिचं बोलणं त्या भिंतीनं तुटलं. तुमची आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा धाकटा आमच्या भिंतीबाहेर बराच वेळ उभा होता म्हणे. दार वाजवायचा धीर त्याला झाला नाही. आणि आतून आम्हाला कोणी दिसण्याची सोयच मी ठेवली नव्हती.

हे मला गेल्या महिन्यात सळईवाल्यानं सांगितलं. आणि आणखी एक सांगितलं. भिंतीत सळया बांधायच्या त्या दोन दिवसांत मी तापानं पडलो होतो. तो म्हणाला, “वहिनींनी खिडकीएवढी जागा मोकळी सोडायला लावली, मिस्त्री. भोवतीनं जास्तीच्या सळया दिल्यात, भिंतीला धोका नाही. म्हणाल्या, ह्यांचा राग उतरायला वेळ लागतो. उतरला की फोडतील, तेव्हा लोखंड आड यायला नको.”

मी बरा होऊन आलो तोवर दुसऱ्या बाजूच्या फळ्या लागल्या होत्या. त्या उघडून बघितल्या नाहीत. कामाच्या उभ्या जन्मात एवढी एकच भिंत मी न तपासता ओतली.

मुलीनं सळई शोधायचं यंत्र आणलं. भिंतीवरून फिरवलं की ते ओरडायचं, आणि एका जागी गप्प झालं. तिनं खडूनं कड आखली. तीन फूट रुंद, चार फूट उंच, जमिनीपासून अडीच फुटांवर. खुर्चीत बसून भाजी निवडणाऱ्या बाईच्या डोळ्याला बरोबर येईल अशी. ती खुर्ची मी तिथं नेऊन ठेवली आहे.

तेव्हा अट अशी. चिरंजीव, तुला पुढची सगळी भिंत काढून काच लावायची आहे. ते करू नये. मुली, तुझं म्हणणं बाबांच्या भिंतीला ओरखडाही नको. तेही ऐकू नये. खडूच्या आतलं तेवढं काढावं, बाहेरचं जपावं. चौकाकडे कोणी डोकावू नये म्हणून मधली आडवी भिंत आहेच.

४. राग-रुसवे. पुष्कळ होते. ते कोणालाही देत नाही, माझ्याबरोबर संपले असं धरावं.

वरील सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या देखत सही केली.

ठिकाण: राहतं घर, चौक
दिनांक: ३ मार्च २०२४
सही: मिस्त्री

साक्षीदार:
१. सळई बांधणारा, मित्र (सही)
२. डॉक्टरीणबाई (सही)

ता. क. धाकट्या, या कागदाची एक प्रत तुला पाठवतो आहे, कारण खिडकी माझी असली तरी तिच्यातून दिसणार तुझं घर. तुझ्या घरात तुला न विचारता डोकावणं मला जमायचं नाही. तू हो म्हणालास तर माझ्या मागे कशाला, मी असतानाच फोडू. नाही म्हणालास तर भिंत आहे तशी राहील, खडूसुद्धा पुसून टाकीन. आमच्या दारात पत्रं टाकायची फट आहे. रस्त्याकडे सध्या तेवढंच काय ते उघडं. लवकर लिही.