तहानलेल्या हिरवळीवरची पावलं

छोटे,

आज लॉनला पाणी घालायला घरी येऊ नकोस. कामावरून सरळ आत्याकडे जा.

थंडीत अंथरलेली हिरवळ आता पालवीच्या दिवसांत मुळं धरतेय, तिला तहान लागू द्यायची नाही, असं माळीकाकांनी बजावलंय. तरी कालपासून मीच तिचं पाणी तोडलं. काका ओरडतील, ओरडू देत. पाणी प्यालेलं गवत पायाखालून लगेच उठतं, तहानलेलं दबूनच राहतं. मला पावलं बघायची होती.

दिसली. डावा पाय फरफटलेला. तू ज्याचं घर सोडून आलीस, तेच आपले जावईबापू. पण पावलं आपल्या मागच्या दारातून निघून कुंपणाकडे जातात, दाराकडे येणारं एकही नाही. म्हणजे तो पुढच्या दाराने, किल्लीने आत येतो. आपली किल्ली तू त्याच्याकडून परत आणलीस खरी, पण त्याआधीच त्याने दुसरी करून घेतली असणार.

म्हणून ही चिठ्ठी तुझ्या डब्यात घातली. दादा येतोय. आम्ही दोघं दिवा न लावता घरातच बसणार आहोत.

सकाळी फ्रिजवर वाचलं असशील, 'मी दोन दिवस गावाला जातेय. एकटी आहेस, दार नीट लाव, लॉनला पाणी घाल.'

ती चिठ्ठी तुझ्यासाठी नाही.

ताई